पाच आजार, एक माणूस: घरच्या शुश्रूषेचा रोजचा हिशेब

मधुमेहाचं पथ्य एक, किडनीचं दुसरं, हृदयाचं तिसरं. तिन्ही आजार एकाच माणसाला असले की पथ्यंही एकमेकांशी भांडायला लागतात. अशक्तपणा वाटतो म्हणून दिलेल्या नारळपाण्याने रक्तातलं पोटॅशियम चढतं. गुडघ्यासाठी घेतलेल्या गोळीने किडनी रुसते आणि पायावर सूज येते. सुजेसाठी लघवीची गोळी वाढवली की उठताना चक्कर येते. यातलं कुणीही चूक करत नसतं. प्रत्येक डॉक्टर आपला अवयव बघतो आणि संपूर्ण माणूस बघायचं काम घरातल्या माणसावर येतं. हा लेख त्या घरातल्या माणसासाठी आहे.

सोयीसाठी एक नमुना डोळ्यासमोर ठेवू. इंदूरमधल्या रामबाग किंवा लोकमान्यनगरातलं मराठी घर. आजी ७४ वर्षांच्या, वजन ५८ किलो. मधुमेह आणि बीपी जुनं, इकोमध्ये हृदयाचं पंपिंग ३५ टक्के, क्रिएटिनिन १.९ (किडनी मंदावली की रक्तातला हा आकडा चढतो), लकव्याने डावी बाजू अधू. मुलगा-सून नोकरीला, दिवसा आणि रात्री बारा-बारा तासांची अटेंडंट. इंदुरात अशी घरं गल्लीगणिक सापडतील.

आधी एक कागद

मोठी फाइल असतेच, पण रात्री दोन वाजता फाइल कुणी वाचत नाही. एका पानावर, दोन्ही बाजूंनी, एवढंच लिहा: आजार आणि ते कधीपासून, कुठल्या औषधाची ॲलर्जी, शेवटचं क्रिएटिनिन, पोटॅशियम, हिमोग्लोबिन आणि एचबीएवनसी (तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची तपासणी) तारखेसकट, इकोचा आकडा, नेहमीचं वजन, नेहमीचं बीपी, नेहमीचा ऑक्सिजन, आणि ‘एरवी कशा असतात’ याच्या दोन ओळी. म्हणजे वार सांगतात का, नातवंडांना नावाने ओळखतात का, आधाराने किती पावलं चालतात. या दोन ओळी घरचे लोक हमखास वगळतात. पण तातडीच्या वेळी नव्या डॉक्टरला सगळ्यात जास्त त्याच उपयोगी पडतात, कारण आजी आत्ता गोंधळल्यात की नेहमीच अशा असतात हे त्याला दुसरं कोण सांगणार?

मागच्या बाजूला औषधं. घरातल्या सगळ्या स्ट्रिपा, बाटल्या, मलमं, आयुर्वेदिक डब्या, शेजारणीने दिलेली गोळी, सगळं एका ताटात ओता. प्रत्येक स्ट्रिपवर ब्रँडच्या खाली बारीक अक्षरात घटकाचं नाव असतं, ते लिहायचं. चार रकाने: घटक आणि मिलिग्रॅम, कोणत्या वेळी, कशासाठी, कोणी दिलं. ‘कशासाठी’ रिकामा राहिला तर ते औषध डॉक्टरला विचारायच्या यादीत टाका.

असं ताट मांडलं की दोन गोष्टी बहुतेक वेळा सापडतात. एक म्हणजे तेच औषध दोन नावांनी चालू असणं. हृदयवाल्यांनी दिलेल्या गोळीत टेल्मिसार्टन आणि फॅमिली डॉक्टरांच्या जोडगोळीतही टेल्मिसार्टन. दुसरी म्हणजे दुखण्यावरची गोळी. डायक्लोफिनॅक, एसेक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन, निमेसुलाइड, नाव काहीही असो. टेल्मिसार्टनसारखी बीपीची गोळी आणि लघवीची गोळी चालू असताना तिसरी ही आली की किडनीचा रक्तपुरवठा तिन्हीकडून आवळला जातो. चांगली चाललेली किडनीही थोड्या दिवसांत बसू शकते, इथे तर क्रिएटिनिन आधीच १.९ आहे. मेडिकलवाल्याला ‘गुडघ्यासाठी काहीतरी द्या’ असं म्हणूच नका. पॅरासिटामॉल किती चालेल ते डॉक्टरांकडून या कागदावर लिहून घ्या.

हा कागद प्रत्येक डॉक्टरपुढे ठेवायचा आणि नवीन चिठ्ठी हातात आल्यावर एकच प्रश्न विचारायचा: यातलं काय बंद करायचं? नवं औषध लिहून देतात, जुनं बंद करायचं मात्र तोंडी सांगतात किंवा राहूनच जातं.

गोळ्यांचं वेळापत्रक

दिवसाला चार कप्पे असलेला आठवड्याचा डबा घ्या. भरणारा माणूस एकच असावा आणि भरताना कागद समोर असावा, आठवण नव्हे. काही गोळ्या ओल धरतात. त्यांची स्ट्रिप न फोडता कात्रीने एकेक घर कापून डब्यात ठेवा. मात्र आजी स्वतःच्या हाताने घेत असतील तर असं घर कधीच ठेवू नका. टोकदार कडेसकट गिळल्याचे प्रकार होतात.

वेळा अशा बसतात. थायरॉइडची गोळी उठल्याबरोबर, साध्या पाण्याबरोबर, चहाच्या किमान अर्धा तास आधी. कॅल्शियम आणि लोह त्यानंतर चार तासांनी, नाहीतर थायरॉइडची गोळी आतड्यात नीट शोषली जात नाही. शुगरची ग्लिमेपिराइड नाश्त्याच्या जरा आधी, पण नाश्ता समोर तयार असेल तेव्हाच. मेटफॉर्मिन जेवणाबरोबर, आणि किडनीचा ईजीएफआर (किडनी रक्त किती गाळते याचा रिपोर्टमधला आकडा) ३० च्या खाली गेला की ते बंद होतं, म्हणून प्रत्येक नव्या रिपोर्टनंतर विचारायचंच. लघवीची गोळी सकाळी. दुसरा डोस असेल तर दुपारी तीनच्या आत. रात्री दिली की आजी रात्रभर बाथरूमला उठणार आणि पहाटे तीनला ओल्या फरशीवर पडणार.

गोळी गिळता येत नाही म्हणून खलबत्त्यात घालण्याआधी नावापुढची अक्षरं वाचा. एसआर, एक्सआर, ईआर, सीआर, एक्सएल असं काही असेल तर ती कुटायची नाही, कारण दिवसभराचं औषध एका तासात अंगात उतरतं. पँटोप्राझोलसारख्या लेप असलेल्या गोळ्याही कुटू नका. त्यांच्याऐवजी दुसरा प्रकार लिहून मागा. विरघळणाऱ्या, फसफसणाऱ्या गोळ्या आणि ॲसिडिटीच्या पुड्या सोयीच्या वाटतात, पण त्यात सोडियम भरपूर असतं. मीठ मोजून खाणाऱ्या घरात ते मागच्या दाराने येतं.

सर्दी-खोकल्याचं सिरपही साधं समजू नका. झोप आणणाऱ्या ॲलर्जीच्या औषधांनी म्हाताऱ्या माणसाला भ्रम होतो, लघवी अडकते.

इन्सुलिन: लाल टोपण, केशरी टोपण

सगळ्यात जास्त धोका इथे आहे, म्हणून सावकाश वाचा.

आपल्याकडे इन्सुलिनच्या कुपी दोन ताकदीच्या मिळतात. एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट किंवा १०० युनिट. सिरिंजही दोन. लाल टोपणाची ४० साठी, केशरी टोपणाची १०० साठी. १०० ची कुपी घेऊन लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये २० च्या खुणेपर्यंत भरलं तर आत जातात ५० युनिट. उलट केलं, म्हणजे ४० ची कुपी आणि केशरी सिरिंज, तर २० ऐवजी ८ च जातात आणि घरचे म्हणतात, ‘इन्सुलिन लागू पडत नाही’. दवा बाजारातून महिन्याचा माल एकदम आणताना कुपी आणि सिरिंज शेजारी ठेवून आकडे जुळवल्याशिवाय काउंटर सोडू नका. पेन बिघडला म्हणून त्याच्या कार्ट्रिजमधून लाल सिरिंजने इन्सुलिन ओढायचा उद्योग तर मुळीच नको. कार्ट्रिज जवळजवळ नेहमी १०० चं किंवा त्याहून कडक असतं.

देण्याची रीत:

१. आधी शुगर मोजा, आधी जेवण समोर आणा. जेवणार नाही म्हणत असतील तर टोचण्याआधी डॉक्टरांना फोन.
२. दुधाळ, मिश्र इन्सुलिन असेल तर कुपी किंवा पेन दोन तळहातांमध्ये १० वेळा लाटा आणि १० वेळा हळू वरखाली करा. जोरात हलवलं की फेस होतो आणि डोस चुकतो.
३. पेन असेल तर आधी २ युनिट हवेत सोडा. सुईच्या टोकाला थेंब दिसला पाहिजे.
४. बेंबीपासून दोन बोटं लांब, रोज जागा बदलून. काल जिथे टोचलं तिथून बोटभर सरकून. एकाच जागी टोचत राहिलं की तिथे गाठ होते आणि इन्सुलिन कधी शोषलं जातं, कधी नाही.
५. बटण पूर्ण दाबल्यावर मनात १० मोजा, मग सुई काढा. चोळू नका.

न उघडलेलं इन्सुलिन फ्रीजमध्ये २ ते ८ अंशांत ठेवा, पण मागच्या भिंतीला चिकटवून नको. तिथे ते गोठतं आणि गोठलेलं परत वापरता येत नाही. वापरात असलेलं साधारण चार आठवडे बाहेर चालतं, मात्र खोलीत ३० अंशांच्या आत. मे महिन्यात इंदुरात पारा चाळिशी ओलांडतो, लाइट जाते. तेव्हा जुना उपाय कामाला येतो: मोठ्या मातीच्या भांड्यात ओली वाळू, त्यात लहान मडकं, मडक्यात प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधलेली कुपी. वाळू सकाळ-संध्याकाळ भिजवा. कुपीवर उघडल्याची तारीख पेनाने लिहा. वापरलेल्या सुया जाड प्लास्टिकच्या बरणीत साठवा, झाकण चिकटपट्टीने बंद करा आणि कचरागाडीतल्या घातक कचऱ्याच्या वेगळ्या डब्यात द्या. ओल्या-सुक्यात टाकलेली सुई सफाई कामगाराच्या हातात घुसते.

शुगर उतरते तेव्हा

७० च्या खाली शुगर म्हणजे लगेच कामाला लागायचं. शुद्धीवर असतील आणि गिळता येत असेल तर १५ ग्रॅम साखर, म्हणजे चहाचे तीन सपाट चमचे, अर्धी वाटी पाण्यात. १५ मिनिटांनी परत मोजा. अजून ७० च्या खाली असेल तर परत तेवढंच. वर आली की पोळी किंवा बिस्किटासारखं काहीतरी द्या, नाहीतर तासाभरात पुन्हा उतरते. बेशुद्ध असतील तर तोंडात काहीही घालायचं नाही, साखरेचं पाणीसुद्धा नाही. ते फुप्फुसात जातं. कुशीवर वळवा आणि १०८.

आता आपल्या आजींच्या बाबतीत यात तीन गुंते आहेत. त्यांच्या गोळीत व्होग्लिबोज किंवा अकार्बोज असेल (तिहेरी गोळ्यांमध्ये पुष्कळदा असतं), तर साखर आतड्यात फुटतच नाही, निदान वेळेवर फुटत नाही. तिथे ग्लुकोजची पावडरच हवी. डबा आजपासून उशाशी ठेवा. दुसरं, हृदयासाठी मेटोप्रोलॉल, बिसोप्रोलॉल किंवा कार्व्हेडिलॉल चालू असेल तर छातीत धडधड आणि हाताची थरथर जाणवत नाही. घाम मात्र फुटतो. गार घाम हीच खूण धरायची. तिसरं, किडनी मंद असल्यामुळे ग्लिमेपिराइडचा अंमल लांबतो. एकदा सावरलेली शुगर चार तासांनी पुन्हा कोसळते. अशा वेळी २४ तास लक्ष लागतं आणि ते बहुधा इस्पितळातच शक्य होतं.

शिवाय लकव्यामुळे पातळ पाणी घशात अडकत असेल तर ग्लुकोज थोड्याशा पाण्यात घट्ट कालवून चमच्याच्या टोकाने गालाच्या चांगल्या बाजूला, थोडं थोडं.

भाषेची अडचण

इंदूरच्या मराठी घरात ही गोष्ट कुणी लिहून ठेवत नाही. आजारपणात माणूस मातृभाषेत कण्हतो. जन्म इंदुरात गेलेली, भाजीवाल्याशी अस्खलित हिंदीत घासाघीस करणारी आजीही रात्री ‘कळ येतेय गं’ असंच म्हणते. हिंदी अटेंडंटला ऐकू येतं ‘कल’. ती म्हणते, ‘हाँ माँजी, कल आएगी’. ‘घाम आलाय’ म्हटलं तर गावाकडची मुलगी घाम म्हणजे ऊन समजते आणि पडदा ओढते. वर सांगितलेली शुगर उतरल्याची एकुलती एक खूण अशी पडद्याआड जाते.

म्हणून पलंगासमोर मोठ्या अक्षरात तक्ता लावा. कळ म्हणजे दर्द की लहर. घाम म्हणजे पसीना. धाप म्हणजे साँस फूलना. घेरी म्हणजे चक्कर. मळमळ, उमासे म्हणजे जी मिचलाना. मुंग्या म्हणजे झुनझुनी. आग होते म्हणजे जलन. लघवी म्हणजे पेशाब. ‘जीव घाबरा होतोय’ आणि ‘कसंतरीच होतंय’ यांना नेमका शब्द नाही. त्यांच्यापुढे लिहा: शुगर, बीपी, ऑक्सिजन तिन्ही मोजा आणि घरी फोन करा. वहीत नोंद करताना आजींचे शब्द जसेच्या तसे लिहायला सांगा, देवनागरी तर दोघींचीही एकच.

सकाळची मोजणी

वजन सगळ्यात महत्त्वाचं, आणि नेमकं तेच कुणी घेत नाही. सकाळी लघवी-शौचानंतर, चहाच्या आधी, सारख्याच कपड्यांत, त्याच काट्यावर, सपाट फरशीवर. तीन दिवसांत २ किलोपेक्षा जास्त वाढलं तर ते अन्नाचं नव्हे, अंगात साठलेलं पाणी. धाप लागायच्या आधी काही दिवस काटा हे सांगतो. उभं राहता येत नसेल तर घोट्याच्या वर दोरीने रोज त्याच खुणेवर घेर मोजा आणि रात्री किती उशा लागल्या ते लिहा. एका उशीवर झोपणारं माणूस तीन उशा मागायला लागलं तर त्याच दिवशी फोन.

बीपी चांगल्या हाताला, इथे उजव्या. पाच मिनिटं पाठ टेकून, पाय जमिनीला, दंड उघडा आणि हृदयाच्या उंचीवर, त्याआधी अर्धा तास चहा नाही, मोजताना बोलणं नाही. मिनिटाच्या अंतराने दोनदा. आठवड्यातून एकदा झोपलेलं बीपी आणि उभं केल्यावर १ व ३ मिनिटांनी बीपी घ्या. वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरला तर औषधाचा डोस बघायला हवा. बसलेलं बीपी छान १३०/८० आणि तरी रोज घेरी, याचं कारण अनेकदा इथे असतं.

शुगरसाठी बोट साबणाने धुऊन कोरडं करा. आंबा चिरलेल्या बोटाची शुगर आंब्याचीच येते. बोटाच्या कडेला टोचा, मध्यावर नको. ऑक्सिमीटरसाठी हात गरम हवा, नखांना नेलपॉलिश किंवा काळी मेंदी नको, आणि आकडा स्थिर व्हायला अर्धा मिनिट द्या. सीओपीडी (श्वासनलिका कायमच्या अरुंद करणारा फुप्फुसाचा जुना आजार) असलेल्यांचं लक्ष्य बहुधा ८८ ते ९२ असतं. ९८ करायच्या नादात ऑक्सिजनचा नॉब वाढवू नका. त्यांच्या रक्तात कार्बन डायऑक्साइड साचून गुंगी येते.

ताप १०२ होईपर्यंत वाट पाहू नका. या वयात १०० सुद्धा पुरेसा आहे, आणि कधी ताप येतच नाही. जेवण टाकणं, दिवसभर झोपणं, अचानक असंबद्ध बोलणं हाच ताप समजायचा.

ताट आणि तांब्या

इंदूरमध्ये मीठ सोडणं म्हणजे शहर सोडण्यासारखं आहे. पोह्यांवर शेव, उपम्यावर शेव, भाजी नाही तर शेवेची भाजी. निरोगी माणसालाही दिवसाला ५ ग्रॅम मीठ, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा, पुरेसं. हृदय आणि किडनी दोन्ही असताना याच्या आतच राहायचं. सोपी रीत: सकाळी दिवसाचं मीठ एका डबीत काढून ठेवा, आजींचा स्वयंपाक त्यातूनच. शेव, पापड, लोणचं, खारे शेंगदाणे त्या डबीत बसत नाहीत, म्हणून ते बंद. पोहे चालतील. लिंबू, कोथिंबीर, बडीशेप घाला आणि शेवेऐवजी कुरकुरीत भाजलेला थोडा मुरमुरा.

‘कमी सोडियमचं मीठ’ मात्र घरात आणू नका. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम असतं. टेल्मिसार्टन किंवा स्पायरोनोलॅक्टोन चालू आणि किडनी मंद, त्यावर हे मीठ, म्हणजे पोटॅशियम चढून हृदयाचा ठोका बिघडायची सोय. सैंधवाचा फायदा नाही, ते मीठच आहे. पोटॅशियम जास्त आलं असेल तर बटाटा, पालेभाजी बारीक चिरून भरपूर पाण्यात उकळा आणि पाणी फेका. नारळपाणी, केळं, टोमॅटोचं सूप बंद.

पाण्याची मर्यादा डॉक्टर सांगतील. समजा दीड लिटर. सकाळी दीड लिटरची बाटली भरा. आजी कपभर चहा प्यायल्या की बाटलीतलं कपभर पाणी झाडाला घाला. वरण, ताक, दूध, कढी, गोळ्यांबरोबरचं पाणी, सगळं याच हिशेबात. संध्याकाळी बाटली रिकामी झाली की झालं. तहानेला लहान बर्फाचा खडा, चूळ, लिंबाची फोड. ही मर्यादा जुलाब-उलट्या होत असताना लागू नाही. त्या दिवशी लघवीची गोळी, टेल्मिसार्टन, मेटफॉर्मिन, डॅपाग्लिफ्लोझिन द्यायचं का, हे सकाळचा डोस देण्याआधीच फोन करून विचारायचं. कोरड्या पडलेल्या शरीरात ही औषधं किडनीवर उलटतात.

शौचाला कडक होतं म्हणून पहिला हात इसबगोलाकडे जातो. नीमच-मंदसौरचा माल, घरोघरी डबा. पण इसबगोलाला पेलाभर पाणी लागतं. पाणी मोजून पिणाऱ्या, गिळायला त्रास असणाऱ्या माणसाच्या घशात किंवा आतड्यात त्याचा गोळा अडकतो. मॅग्नेशियमची पांढरी औषधंही किडनीला चालत नाहीत. दुसरं रेचक लिहून घ्या.

भरवताना पाठ सरळ, ९० अंशांत. हनुवटी किंचित छातीकडे. लहान चमचा, चांगल्या बाजूने, घास गिळल्याशिवाय दुसरा नाही. खोकला येणं किंवा जेवणानंतर आवाज घोगरा, ओलसर होणं म्हणजे अन्न श्वासनलिकेकडे जातंय. थांबा आणि स्पीच थेरपिस्टला दाखवा. जेवणानंतर अर्धा तास बसवूनच ठेवा. नाकातून नळी असेल तर डोकं ३० ते ४५ अंश वर, आधी नळीवरची खूण नाकाशी जुळते का पाहा, जुळत नसेल तर काही घालू नका. साधारण २०० मिलि अन्न, न ढकलता, वजनाने उतरू द्यायचं, वीस मिनिटं तरी. आधी आणि नंतर ३० मिलि पाणी. तेही बाटलीच्या हिशेबात.

पाठ, टाच, पाऊल

पलंगावर दर दोन तासांनी कूस बदला. पूर्ण आडवं नव्हे, पाठीमागे उशी लावून ३० अंशांचा कल. पूर्ण कुशीवर टाकलं की सगळा भार खुब्याच्या हाडावर येतो. टाचांखाली काही नको. पोटरीखाली उशी द्या म्हणजे टाच अधांतरी राहते. रबरी रिंग तर नकोच, ती भोवतीचा रक्तपुरवठा तोडते. सरकवताना ओढायचं नाही. आजींखाली आडवी चादर घालून दोघांनी चार टोकांनी उचलायचं. एअर मॅट्रेस लावली म्हणजे कूस बदलायची सुट्टी मिळत नाही. गादीखाली, कमरेच्या जागी तळहात सरकवा. कंबर हाताला जवळजवळ टेकत असेल तर हवा कमी आहे.

अंघोळीच्या वेळी माकडहाड, खुबे, टाचा, खांदे, कानाची पाळ बघा. लाल डाग बोटाने तीन सेकंद दाबा. पांढरा पडून परत लाल झाला तर भार काढला की जाईल. लालच राहिला तर जखमेची पहिली पायरी. सावळ्या कातडीवर लाली दिसत नाही, तेव्हा हाताच्या पाठीने गरमपणा आणि कडकपणा चाचपा. डाग चोळू नका. पावडर घामात भिजून तिचे खडे होतात.

जखम झालीच तर पथ्याचं भांडण पुन्हा पुढे येतं. किडनीवाले प्रथिनं कमी सांगतात, जखम भरायला जास्त लागतात. डाळ-पनीर आपल्या मनाने वाढवू किंवा तोडू नका. दिवसाला किती ग्रॅम, असा नेमका आकडा दोन्ही डॉक्टरांशी बोलून एकाच कागदावर घ्या.

भरवताना डोकं वर घेतलं की अंग खाली घसरतं आणि माकडहाडाची कातडी ताणली जाते. उपाय: आधी गुडघ्याखाली उशी, मग डोकं वर. उतरवताना आधी डोकं.

डायपर तीन-चार तासांनी बदला, पुसताना पुढून मागे. डॅपाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन चालू असेल तर लघवीतून साखर जाते आणि ओल्या डायपरमध्ये बुरशी फोफावते. खाज, पांढरट थर दिसला तर घरचं मलम नको. कॅथेटर असेल तर पिशवी मूत्राशयाच्या खाली पण जमिनीवर नाही, दोन-तृतीयांश भरली की रिकामी करा, नळी मांडीला चिकटवा. चार तास लघवी आली नाही तर आधी नळीची पिळवट आणि अंगाखाली दबलेला भाग बघा, मग फोन. दिवसभरात ४०० मिलिच्या आत लघवी ही थांबून बघायची गोष्ट नाही.

पावलं रोज रात्री. बोटांच्या बेचक्या कोरड्या, तिथे तेल-मलम नको. बाकी पावलाला खोबरेल चालेल. डिसेंबरात गार पडलेल्या पायांना गरम पाण्याची पिशवी किंवा शेगडीचा शेक देऊ नका. मधुमेही पायाला चटका कळत नाही, सकाळी फोड दिसतो. लोकरी मोजे पुरेत.

अधू खांद्याला धरून, बगलेत हात घालून उचलू नका. तो सांधा निखळतो. खुर्ची चांगल्या बाजूला लावा, कमरेच्या पट्ट्याला धरा, आजींना चांगल्या पायावर भार टाकू द्या. ब्लाउज-गाऊन घालताना आधी अधू हात, काढताना आधी चांगला.

१०८ आणि नंतरचं

तोंड वाकडं, हात पडला, बोलणं लुळं: शेवटचं ठीक कधी पाहिलं ती वेळ कागदावर लिहा. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन सहसा साडेचार तासांच्या आतच देतात, आणि ‘रात्री कधीतरी’ या उत्तराने ते हुकतं. शुगरही मोजा, उतरलेली शुगर लकव्याचं सोंग घेते. छातीत दाब, आडवं झाल्यावर गुदमरणं, ऑक्सिजन ९० च्या खाली (सीओपीडीत ८८), डांबरासारखं काळं शौच, ३०० वर शुगर आणि उलट्या, नवा भ्रम: यांना सकाळ होऊ देऊ नका. पिशवीत तो एक कागद, औषधांचा डबा, चष्मा, कवळी, ऐकायचं यंत्र, आधार आणि सत्तरीपुढचं आयुष्मान कार्ड. चष्मा-यंत्र राहून गेलं की परक्या वॉर्डात भ्रम दुप्पट होतो.

सुट्टी होऊन घरी आल्यावरचे पहिले काही दिवस घरातल्या कुठल्याही दिवसांपेक्षा धोक्याचे असतात. डिस्चार्जच्या कागदावरची यादी आणि आपला जुना कागद शेजारी ठेवा. प्रत्येक औषधापुढे तीनपैकी एक शब्द लिहा: चालू, बदललं, बंद. जे कुठेच बसत नाही त्यासाठी वॉर्डात त्याच दिवशी फोन. मग नवा कागद लिहा, जुना फाडा. बंद झालेल्या स्ट्रिपा त्याच संध्याकाळी घराबाहेर काढा, कारण दुसऱ्या दिवशी सकाळी येणारी अटेंडंट डबा जुन्या सवयीनेच भरणार आहे.